‘मिस्टरांना विचारून भरा’

झोपेच्या तपासणीच्या फॉर्ममधला तो रकाना मला अजून पाठ आहे : ‘सोबत झोपणाऱ्या व्यक्तीने पाहिलेली लक्षणे’. घोरणे, श्वास थांबणे, गुदमरून जागे होणे, आणि खाली त्या व्यक्तीची सही. माझे मिस्टर जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा बेंगळुरूला असतो. मी सांगलीत एकटी राहते, वय ५४, शाळेत शिकवते. रकाना कोरा ठेवून फॉर्म दिला, तर काउंटरवरच्या मुलीने तो परत सरकवला. “काकू, हे मिस्टरांना विचारून भरा.” ते नाहीत म्हटलं, तर म्हणाली, “मग आल्यावर भरून घ्या, उद्या दिलं तरी चालेल.” मागे रांग होती. मला पुढे बोलवेना. फॉर्म पिशवीत घातला आणि घरी आले.

त्या काउंटरपर्यंत पोचायलाच दीड वर्ष गेलं होतं. सकाळी उठल्या उठल्या डोकं जड. रात्री तीन-चारदा लघवीला उठायचं. पेपर तपासताना हातातलं पेन ओघळून खाली यायचं. बीपीच्या दोन गोळ्या चालू असूनही आकडा खाली येत नव्हता. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ सगळं ठीक निघालं. पाळी गेल्यानंतर असं व्हायचंच, असं बऱ्याच जणांनी सांगितलं. पाळी गेल्यावर बायकांमध्ये झोपेत श्वास अडकण्याचं प्रमाण वाढतं, हे मात्र एकानेही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या रकान्यात ‘एकटी राहते’ असं लिहून मी पुन्हा गेले. या वेळी फॉर्म घेतला, पण पुढचा तक्ता मुलीने स्वतःच भरभर वाचत भरला. आठ प्रश्न : वाचताना, टीव्ही पाहताना, गाडीत तासभर बसल्यावर डुलकी लागण्याची शक्यता किती? प्रत्येकाला ० ते ३ गुण. “दुपारी आडवं पडल्यावर?” मी म्हटलं, दुपारी मी शाळेत असते. शून्य. “गाडी सिग्नलला थांबली असताना?” मला गाडी येत नाही. शून्य. बेरीज ७ आली. १० च्या पुढे गेली तरच दिवसाची झोप जास्त धरतात. घोरण्याला साक्षीदार नाही, गुण कमी. मग आतल्या डॉक्टरांनी ‘निद्रानाश, ताण’ असं लिहून झोपेची गोळी दिली. मला निद्रानाश नव्हता हो! पाठ टेकली की मी झोपत होते. निद्रानाशात माणसाला झोपच लागत नाही किंवा मध्येच मोडून पुन्हा येत नाही. आठवड्यात तीन रात्री आणि तीन महिने असं चाललं तर तो जुनाट धरतात, आणि त्यावरही पहिला उपाय गोळीचा नसून सवयी आणि विचार बदलण्याच्या उपचाराचा आहे.

ती गोळी मी आठ दिवस घेतली आणि सकाळचं डोकं आणखी जड झालं. अशा काही गोळ्यांनी घशाचे स्नायू जास्त सैल पडतात आणि श्वास अडकणं वाढू शकतं, हे मला नंतर कळलं. ज्यांना घोरण्याची शंका आहे त्यांनी ती शंका गोळी लिहून घेण्याआधी बोलून दाखवावी.

तो आठ प्रश्नांचा तक्ता मेलबर्नच्या डॉ. मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये केला. त्याच्या मूळ सूचनेत स्पष्ट लिहिलंय की एखादी गोष्ट तुम्ही अलीकडे केली नसेल, तरी केली असती तर काय झालं असतं याचा अंदाज करून उत्तर द्या. ही एक ओळ मला कोणी वाचून दाखवली नाही. घरी बसून मी तोच तक्ता शांतपणे भरला. गुण १५ आले.

मग धाकट्या बहिणीला बोलावलं. ती तीन रात्री माझ्या खोलीत झोपली, म्हणजे खरं तर जागीच होती. पहिल्याच सकाळी तिचे डोळे लाल. “ताई, तू घोरतेस आणि मधेच एकदम गप्प होतेस. मी आकडे मोजत बसले होते. मग तू धाप लागल्यासारखी उसासतेस.” तिने फोनवर आवाज धरून ठेवला होता. तो ऐकताना माझे हात गार पडले. बहीण मिळाली नसती तरी फोन उशाशी ठेवून रात्रभर रेकॉर्ड करता आलं असतं. हे त्या मुलीने पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर माझे सहा आठवडे वाचले असते.

त्या रकान्यात बहिणीने सही केली आणि तपासणीची तारीख लगेच मिळाली. डोक्याला, छातीला, पायाला वायरी लावून एक रात्र काढली. श्वास किमान १० सेकंद थांबणं किंवा उथळ होणं, असं तासाला सरासरी किती वेळा झालं ते मोजतात. ५ ते १५ सौम्य, ३० च्या पुढे तीव्र. माझे ३४.

आता रात्री हवेच्या दाबाचं मशीन लावते, सीपॅप म्हणतात ते. पहिला आठवडा झोपेत मास्क ओढून टाकत होते. मास्क विकत घेण्याआधी दोन-तीन प्रकार आडवं होऊन लावून पाहा, बसून नाही. कुशीवर वळलं की हवा डोळ्यांत जाते की नाही ते तेव्हाच कळतं. मशीनच्या पाण्याच्या टाकीत डिस्टिल्ड वॉटर घाला. विम्याचं आधी विचारून घ्या : नुसत्या तपासणीसाठी भरती झालात तर तो खर्च सहसा मिळत नाही. आणि हो, पायात शिवशिव होऊन झोप मोडत असेल तर तो वेगळा आजार आहे. शाळेतल्या एका बाईंचं लोह कमी निघालं होतं, गोळ्या घेतल्यावर त्यांचे पाय शांत झाले.

तीन आठवड्यांत सकाळची डोकेदुखी गेली. रात्री एकदाच उठते.

फेरतपासणीला गेले तेव्हा फॉर्म तोच होता. माझ्या शेजारी एक आजी पेन धरून त्याच रकान्यापाशी थांबल्या होत्या. मी खुर्ची सरकवली आणि त्यांच्या फोनमध्ये रेकॉर्डिंग कसं चालू करायचं ते दाखवलं.