विल्यम्सबर्ग: लिडियाची साक्ष

वॉशिंग्टनहून गाडीने तीनेक तासात विल्यम्सबर्ग येतं, व्हर्जिनियाची जुनी राजधानी. लोक इथे घोडागाड्या आणि जुन्या वेषातले गाईड बघायला येतात, मला कोर्ट बघायचं होतं. कॅपिटॉलची, म्हणजे विधिमंडळ आणि कोर्ट जिथे भरायचं ती इमारत नव्याने उभारलीये, पण जागा तीच, १२ जून १७७६ ला सगळी माणसं निसर्गतः सारखीच स्वतंत्र आहेत असं सांगणारा व्हर्जिनियाचा हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला ती! इथल्या जनरल कोर्टात स्वतंत्र माणसावरचा गंभीर खटला ज्युरीपुढे चालायचा. गुलामांसाठी १६९२ पासून वेगळं कोर्ट, ज्युरी नाही, आणि फाशी दिली तर भरपाई कुणाला, तर मालकाला, सरकारी तिजोरीतून. वाचून डोकंच फिरलं.

मागे १७०४ चा तुरुंग आहे, जाड दारं, एवढ्याशा खिडक्या, ब्लॅकबिअर्ड या समुद्री चाच्याचे साथीदार इथे होते म्हणून गर्दी असते.

मी जास्त रेंगाळले ते जॉर्ज विथच्या घरी. विटांचं दुमजली घर, स्वयंपाकघर मागच्या अंगणात वेगळं. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा, पुढे प्रेसिडेंट झालेल्या जेफरसनला कायदा शिकवणारा हा माणूस. त्याची स्वयंपाकीण लिडिया ब्रॉडनॅक्स, आधी त्याचीच गुलाम, १७८७ ला त्याने तिला मुक्त केलं, पुढे रिचमंडलाही तीच त्याचं घर सांभाळायची. १८०६ मध्ये तिथे विथच्या बहिणीचा नातू जॉर्ज स्वीनी याने घरच्यांना आर्सेनिक हे विष घातल्याचा आरोप झाला. विथ गेला, तो ज्याला शिकवत होता तो मायकल ब्राउन नावाचा पोरगाही गेला, लिडिया कशीबशी वाचली. स्वीनीला कॉफीच्या भांड्यापाशी तिने पाहिलं होतं. विथलाही त्याचाच संशय, मरायच्या आधी त्याने मृत्युपत्रातून त्याचं नाव काढून टाकलं.

आणि कोर्टात? काळ्या माणसाची साक्ष गोऱ्याविरुद्ध चालायचीच नाही. लिडियाला बोलूच दिलं नाही आणि स्वीनी खुनाच्या आरोपातून सुटला. १७७६ नंतर कायदे नव्याने लिहिणाऱ्या समितीत विथ आणि जेफरसन दोघंही होते, तरी ही बंदी तशीच राहिली, हे मला पचतच नाही. इतके हुशार लोक, रोज जिच्या हातचं जेवतात तिचा शब्द कोर्टात धरायचा नाही हे त्यांना खटकलं कसं नाही?

विषामुळे लिडियाची नजर अधू झाली. १८०७ मध्ये तिने मदतीसाठी जेफरसनला पत्र लिहिलं, तेव्हा तो प्रेसिडेंट होता, त्याने ५० डॉलर पाठवले. साक्षीवरची बंदी मात्र सिव्हिल वॉर होईपर्यंत हलली नाही.