कॅल्शियमची गोळी आणि पायांची आग

कोथरूडच्या आमच्या सोसायटीतील एक काकू बरीच वर्षे मधुमेही आहेत आणि रात्री अंथरुणावर पाठ टेकली की त्यांच्या तळपायांची आग सुरू होते. मी महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवतो, एवढ्याच भांडवलावर त्यांनी मध्यंतरी मला विचारले, "अरे, कॅल्शियमच्या गोळ्या मी नेमाने घेते, मग ही आग थांबत का नाही? आणि डॉक्टर म्हणतात, नवी गोळी कॅल्शियमची वाट अडवते. मग नेमके करायचे काय, कॅल्शियम घ्यायचे की अडवायचे?" प्रश्न वरवर वाटतो त्यापेक्षा पुष्कळ चांगला आहे.

शरीरातील सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असते. रक्तातील प्रमाण पॅराथायरॉइड ग्रंथी मोठ्या कसोशीने १०० मिलिलिटरमागे साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम या मर्यादेत राखतात, त्यामुळे गोळी घेतली म्हणून चेतापेशीभोवतीचे कॅल्शियम फारसे हलत नाही. (ते खरोखरच घटले तर ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, स्नायूंत पेटके येतात, आणि तेव्हा गोळीचा उपयोग होतोच, पण तो आजार वेगळा.) दुखण्याचा संबंध कॅल्शियम किती आहे याच्याशी नाही, ते कोणत्या पेशीत, कोणत्या जागी आणि कोणत्या दारातून शिरते, याच्याशी आहे.

पायाच्या अंगठ्यातील वेदना जाणणारी पेशी मुळात अंगठ्यात नसतेच. तिचे शरीर पाठीच्या कण्यालगत, मज्जारज्जूच्या दोन्ही अंगांना असलेल्या चेतापेशींच्या गाठींत असते. तिथून निघणाऱ्या तंतूची एक शाखा पायापर्यंत जाते आणि दुसरी मज्जारज्जूच्या मागच्या भागात शिरते. कांजिण्यांचा विषाणू याच गाठींत वर्षानुवर्षे दबा धरून बसतो आणि पुढे नागीण होऊन बाहेर पडतो. नागीण उठून गेल्यावरही ती जागा महिनोन्‌महिने का जळत राहते, याचे मूळ इथे झालेल्या इजेत आहे. तंतूवरून संदेश वाहून नेण्याचे काम मुख्यतः सोडियम चॅनेल, म्हणजे पेशीच्या आवरणातील सोडियमची सूक्ष्म दारे, करतात. वेदनेच्या तंतूंतले सर्वांत बारीक तंतू सेकंदाला अवघे अर्धा ते दोन मीटर या वेगाने संदेश नेतात, म्हणूनच ठेच लागली की आधी झणझणीत कळ येते आणि खोल, जळजळणारे दुखणे मागाहून.

कॅल्शियमचे काम ही वाट संपते तिथे सुरू होते. मज्जारज्जूतील टोक आणि पुढची चेतापेशी यांच्यामध्ये अतिसूक्ष्म फट असते आणि विजेच्या रूपातील संदेश ती ओलांडू शकत नाही. तो टोकाशी पोहोचला की तिथली कॅल्शियम चॅनेल उघडतात. पेशीच्या आत मुक्त कॅल्शियम बाहेरच्या जेमतेम दहा हजाराव्या हिश्शाएवढे असल्यामुळे, खडकवासल्याचे दरवाजे उचलताच मुठेच्या पात्रात पाणी धावावे तसे ते आत धावते, आणि पुटिकांत, म्हणजे टोकातील सूक्ष्म पिशव्यांत, साठवलेली ग्लुटामेट व सबस्टन्स पी यांसारखी रसायने फटीत सोडली जातात. कॅल्शियमच्या या भूमिकेचा पाया बर्नार्ड कॅट्झ आणि रिकार्डो मिलेडी यांनी १९६० च्या दशकात बेडूक आणि माकूळ यांच्या चेतांवरील प्रयोगांतून घातला.

या चॅनेलचे प्रकार अनेक आहेत आणि काकूंचा गोंधळ इथेच सुटतो. त्यांची रक्तदाबाची गोळी, अ‍ॅम्लोडिपिन, हीसुद्धा कॅल्शियम चॅनेलच अडवते, पण ती रक्तवाहिन्यांच्या भिंतीतील 'एल' प्रकाराची. वेदनेच्या टोकाशी प्रामुख्याने 'एन' प्रकार असतो. त्याखेरीज 'टी' प्रकार चेतापेशीला थोडक्या उत्तेजनाने पेटण्याच्या तयारीत ठेवतो, आणि मधुमेही केलेल्या प्राण्यांत त्याचे काम वाढलेले आढळले आहे.

'एन' प्रकार सरळ बंद करून पाहिला तर काय होते? त्याचे उत्तर समुद्री शंखगोगलगायीच्या विषाने दिले. कोनस मॅगस या जातीच्या विषातील २५ अमिनो आम्लांच्या साखळीवरून झिकोनोटाइड हे औषध घडले आणि २००४ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. वेदना थांबते, पण औषध पंपाने थेट मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सोडावे लागते, आणि तरीही चक्कर, गोंधळलेपणा, भास होऊ शकतात, कारण हेच चॅनेल मेंदूतही ठिकठिकाणी काम करत असते. मॉर्फिनच्या परिणामाचा एक भागही याच चॅनेलला आवर घालण्यातून येतो, हे मला नेहमी विलक्षण वाटते: खसखशीचे बोंड आणि शंखातले विष एकाच दाराशी येऊन थांबतात.

काकूंची नवी गोळी म्हणजे प्रिगॅबालिन. ती या दाराला कुलूप लावत नाही. तिचे आधीचे भावंड गॅबापेंटिन हे मेंदूतील गाबा या रसायनाची नक्कल म्हणून बनवले गेले आणि १९९३ मध्ये अमेरिकेत अपस्मारासाठी मान्य झाले; ते प्रत्यक्षात कॅल्शियम चॅनेलच्या अल्फा-टू-डेल्टा या जोडप्रथिनाला चिकटते, हे १९९६ मध्ये कळले. हे प्रथिन चॅनेलला टोकापर्यंत पोहोचवायला मदत करते आणि चेतेला इजा झालेल्या प्राण्यांत, त्या गाठींतील पेशींमध्ये, ते वाढलेले दिसते. उंदराच्या या प्रथिनातील एकच अमिनो आम्ल बदलले तर प्रिगॅबालिनचा वेदनाशामक परिणाम नाहीसा होतो. याहून स्वच्छ पुरावा औषधशास्त्रात क्वचितच मिळतो.

म्हणून ही गोळी चेतेच्या इजेतून (काकूंच्या बाबतीत मधुमेहाने झालेल्या) येणाऱ्या आगीवर, मुंग्यांवर चालते; पर्वती चढून आल्यावर पोटऱ्या भरून आल्या तर तिचा उपयोग नाही. तिचा पूर्ण परिणाम दिसायला काही दिवस, कधी आठवडेही लागतात. तेच प्रथिन मेंदूतही असल्यामुळे पेंग आणि चक्कर येते, उतारवयात तोल जाण्याचा धोका असतो; औषध मूत्रपिंडांवाटे बाहेर पडत असल्यामुळे ती अशक्त असतील तर डॉक्टरांना मात्रा कमी करावी लागते, आणि बरे वाटले म्हणून ते एकदम बंद करायचे नसते, हळूहळू उतरवायचे असते.