माहीमजवळ उघडलेले दार

आज सकाळी वांद्र्याहून दादरला सायकलने जाताना माहीमजवळ डाव्या कडेला उभ्या असलेल्या मोटारीचे दार अचानक उघडले आणि ते चुकवण्यासाठी मी उजवीकडे वळताच मागच्या टॅक्सीला करकचून ब्रेक लावावा लागला. कोणालाही लागले नाही. टॅक्सीचालक मात्र माझ्यावरच ओरडले. त्यांची भीती मला समजली, कारण ते दार त्यांना दिसलेच नव्हते.

वांद्रे-वरळी सागरी सेतू २००९ मध्ये सुरू झाला, पण त्यावर सायकलींना बंदी आहे, त्यामुळे पाववाल्यांपासून माझ्यासारख्या नोकरदारांपर्यंत सर्वांना माहीमच्याच गर्दीतून जावे लागते. आम्हाला कडेने चालवायला सांगितले जाते, आणि कडेला तर गाड्या उभ्या असतात.

चालकाने उजवे दार डाव्या हाताने उघडले, तर खांदा आपोआप वळतो आणि नजर मागे जाते. नेदरलँड्समध्ये ही सवय गाडी शिकतानाच लावतात. आपल्याकडेही ती परवान्याच्या चाचणीत तपासावी, असे मला मनापासून वाटते. मोटारीतील गृहस्थांनी उतरून माफी मागितली, तेव्हा मी त्यांना हेच सांगितले, आणि त्यांनी माझ्यासमोर दोनदा दार तसे उघडून पाहिले.