आकडे दिसत होते, धरणांची नावे नव्हती

जुलैमधल्या एका सकाळी सव्वासहाला फोन वाजला. पलीकडे आमच्या ग्राहकाकडचे, धरणांच्या नोंदी पाहणारे अभियंता होते. "मॅडम, आकडे दिसताहेत, पण कुठलं धरण कुठलं ते कळत नाहीये," एवढेच ते म्हणाले. त्यांनी परत पाठवलेले चित्र मी उघडले. पहिल्या रकान्यात खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही नावे असायला हवी होती, तिथे रिकाम्या चौकटींच्या रांगा होत्या. शेजारचे इंग्रजी अंक मात्र स्वच्छ उमटले होते. ओळी साठ्याच्या टक्केवारीनुसार लावलेल्या असत, त्यामुळे क्रमावरूनही काही ठरवता येत नव्हते. भर पावसाळ्यात कोणता आकडा कोणत्या धरणाचा हे अंदाजाने ठरवण्याची वेळ कोणावरही येता कामा नये, म्हणून मी लगेच लॅपटॉप उघडला.

रोज सहा वाजता एका वेबपानाचे चित्र काढून ते अभियंत्यांच्या मोबाइलवर पाठवणे, एवढेच हे काम. जुन्या सर्व्हरवर पूर्ण डेस्कटॉप होता आणि इमेजमॅजिक या चित्रांवर काम करणाऱ्या प्रणालीची 'इम्पोर्ट' ही आज्ञा पडद्यावर जे असेल ते टिपून घेत असे. नव्या सर्व्हरवर नुसते डेबियन, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार, होते. मॉनिटर नाही, डेस्कटॉप नाही, त्यामुळे त्याच आज्ञेने डिस्प्ले उघडता येत नसल्याचे सांगून काम थांबवले. तेव्हा मी आधी एक्सव्हीएफबी वापरून पाहिले. ते मेमरीतच एक पडदा उभा करते. 1280 × 1024 चा, प्रत्येक बिंदूला 32 बिट धरलेला पडदा नेमका 5 एमबी जागेत मावतो. पण त्या पडद्यावर ब्राउझर उघडायचा, पान पूर्ण येईपर्यंत थांबायचे आणि मग चित्र टिपायचे, यात थांबण्याचा वेळ अंदाजानेच ठरवावा लागत होता. म्हणून मी क्रोमियमच्या (क्रोम ज्यावर बेतलेला आहे त्या मुक्त ब्राउझरच्या) हेडलेस, म्हणजे खिडकी न दाखवता चालण्याच्या, पद्धतीकडे वळले. क्रोममध्ये ती 2017 पासून आहे, तिला कोणताच पडदा लागत नाही आणि चित्र ब्राउझर स्वतःच काढून देतो. खिडकीचा आकार सांगितला नाही तर चित्र 800 × 600 मध्ये कापले जाते, म्हणून तो सांगितला; आलेख जावास्क्रिप्टने उशिरा रेखाटला जातो, म्हणून त्यासाठीही मुदत दिली. आदल्या संध्याकाळी आज्ञा चालवली तेव्हा ती शून्य हा कोड देऊन, म्हणजे बिनचूक, संपली आणि फाइलही बऱ्यापैकी वजनाची तयार झाली. ती फाइल मी उघडून पाहिली नाही. चूक सर्वस्वी माझी होती.

सर्व्हरवर शिरून मी एफसी-लिस्टला, म्हणजे बसवलेल्या फॉन्टची यादी देणाऱ्या आज्ञेला, मराठीसाठीचे फॉन्ट विचारले. उत्तरादाखल एकही ओळ आली नाही, नुसता प्रॉम्प्ट परत आला. डेस्कटॉपबरोबर फॉन्ट आपोआप येतात, हे मी विसरले होते; इथे फक्त डेजाव्हू हा फॉन्ट होता, ज्यात रोमन अक्षरे आणि अंक आहेत, देवनागरी नाही. लोहित देवनागरी हा फॉन्ट बसवला, चित्र पुन्हा काढले, एससीपी या फाइल नेण्या-आणण्याच्या आज्ञेने लॅपटॉपवर आणले आणि या वेळी मोठे करून पाहिले. नावे आली होती, पण खडकवासलामधला 'ल' हिंदी वळणाचा होता. पानाच्या सुरुवातीला भाषा म्हणून हिंदीचा संकेत लिहिलेला सापडला. लोहितमध्ये मराठीची वळणे वेगळी दिलेली आहेत, पण पानाने आपली भाषा मराठी असल्याचे सांगितले तरच ती वापरली जातात. संकेत बदलताच 'ल' आपल्या वळणाचा झाला. वाचणाऱ्याचे त्यावाचून अडले नसते. तरीही मराठी तक्त्यात मराठीच 'ल' असावा, असे मला मनापासून वाटते.

त्यानंतर स्क्रिप्टच्या आरंभी एक तपासणी घातली: मराठीचा एकही फॉन्ट सापडला नाही तर चित्र काढायचेच नाही आणि मला संदेश पाठवायचा. मग दुरुस्त तक्ता रवाना केला. दोनच मिनिटांत अभियंत्यांचा पुन्हा फोन आला. "टेमघर सगळ्यात खाली, बरोबर ना?" त्यांनी विचारले. मी समोरच्या चित्रात शेवटची ओळ पुन्हा वाचली आणि हो म्हणाले.