क्लार्क यांची पत्रं आणि परवानगीचं लचांड

जे. रूबेन क्लार्क (1871–1961) अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यातले वकील. 1928 साली त्यांनी मन्रो सिद्धान्तावरचं (युरोपीय सत्तांनी अमेरिका खंडांत ढवळाढवळ करू नये, हे अमेरिकेचं धोरण) गाजलेलं टिपण लिहिलं, 1930 ते 1933 ते मेक्सिकोत राजदूत होते, आणि तिथून थेट मॉर्मन चर्च या अमेरिकेतल्या धर्मपंथाच्या सर्वोच्च अध्यक्षमंडळात गेले. मंडळातली जागा डिसेंबर 1931 मध्येच रिकामी झाली होती. राजदूतपद सुटेपर्यंत, म्हणजे एप्रिल 1933 पर्यंत, ती त्यांच्यासाठी तशीच ठेवली गेली. माझ्या पीएचडीचा जीव याच काळात अडकलाय, म्हणून मला त्यांची खासगी पत्रं हवी होती.

वाचायला ती सहज मिळाली. अडलं ते छापण्यापाशी.

मला एका कार्बन कॉपीतला उतारा हवा होता. कागद इतका पातळ की खाली पांढरा कागद सरकवल्याशिवाय अक्षर लागेना. परवानगीच्या अर्जात एक रकाना होता: हक्कधारकाचं नाव. संग्रहाच्या कार्यालयात विचारलं, तर म्हणे कागद आमचा, मजकुरावर आमचा हक्क नाही. हक्क कुणाचा? वारसांचा. वारस कोण? ते आम्ही सांगत नाही. इकडे माझा लेख छापणारे हटून बसले की लेखी संमतीशिवाय पुढचं बोलू नका. दर वेळी उत्तराला नवीन माणूस आणि माझी कहाणी पुन्हा पहिल्यापासून. एका साध्या रकान्यापायी शिष्यवृत्तीवर जगणाऱ्या मुलीला किती ताटकळत ठेवायचं, याचा संताप अजून गेलेला नाही.

शेवटी मीच कायदा वाचला. अमेरिकेत पत्राचा कॉपीराइट लिहिणाऱ्याचा असतो, ज्याच्याकडे पत्र आहे त्याचा नाही. अप्रकाशित पत्रांना तो लेखकाच्या मृत्यूनंतर 70 वर्षं लागू राहतो. म्हणजे क्लार्क यांची स्वतःची पत्रं 2031 संपेपर्यंत बांधलेली. पण त्यांना आलेली पत्रं? मेक्सिकोतले त्यांच्या आधीचे राजदूत ड्वाइट मॉरो 1931 मध्ये वारले, चर्चचे अध्यक्ष हीबर ग्रँट 1945 मध्ये. त्यांच्या पत्रांना कुणाची संमती लागतच नाही!

मग मी पत्रं तारखेनुसार न लावता लिहिणाऱ्यानुसार लावली आणि प्रत्येकापुढे मृत्यूचं साल टाकलं. मॉरो आणि ग्रँट यांचे उतारे पूर्ण घेतले. क्लार्क यांच्या मोजक्या ओळी फेअर यूजखाली (अभ्यासासाठी थोडा मजकूर परवानगीशिवाय वापरण्याची कायद्यातली सूट) ठेवल्या, बाकीचं माझ्या शब्दांत मांडलं. ही सालं घालून संपादकांना एकच परिच्छेद पाठवला. लगेच होकार आला. त्या परिच्छेदाचा मला लेखापेक्षा जास्त अभिमान आहे.

हो, आणि फोटो काढताना बॉक्स व फोल्डरचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी प्रत्येक पानाशेजारी ठेवा. राजदूत म्हणून पाठवलेले अधिकृत अहवाल खासगी पत्रांत शोधत बसू नका, ते परराष्ट्र खात्याच्या दफ्तरात असतात. आणि हक्काचं विचारायचं ते पहिल्याच दिवशी, लेखीच.