वहीतली अकरा मिनिटं

माझ्या पीएचडीचा विषय कामाच्या जागेवरची पाळत आणि तिच्यातून घडणारी विषमता हा आहे. फील्डवर्कसाठी मी एका कॉल सेंटरमध्ये काही महिने रोज जात होते. विम्याच्या दाव्यांचे फोन तिथे येत. मी एकेका शिफ्टला एकेकीच्या शेजारी खुर्ची ओढून बसायचे, छोट्या वहीत खुणा करायचे आणि रात्री घरी येऊन त्यांची सविस्तर टिपणं काढायचे. खाली ज्या दोघींबद्दल लिहिलंय, त्या आता तिथे नाहीत. हा मजकूर मी आधी दोघींना वाचून दाखवला, आणि ओळख पटेल असं जे होतं ते बदललं.

तिथली रचना थोडी सांगावी लागेल, नाहीतर त्या दिवशी काय झालं ते कळणार नाही. प्रत्येकीच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात तिची अवस्था दिसते: कॉलवर, उपलब्ध, ऑक्स म्हणजे ब्रेक वगैरे, आणि 'आफ्टर कॉल', म्हणजे फोन ठेवल्यावर नोंदी करायची वेळ. शेजारी सेकंद पळत असतात. ठरलेली मर्यादा ओलांडली की पट्टी हिरव्याची पिवळी होते, मग लाल. टीम लीडरच्या स्क्रीनवर अशा वीस पट्ट्या एकाखाली एक दिसतात. आणि त्याची स्वतःची पट्टी मॅनेजरच्या स्क्रीनवर असते. सगळीकडे पाहू शकणाऱ्या मनोऱ्याचा जो आराखडा इंग्रज विचारवंत जेरेमी बेंथमच्या नावाने ओळखला जातो, तो मुळात त्याचा भाऊ सॅम्युअल याला कामगारांवर देखरेख करण्यासाठी सुचला होता. फ्रेंच विचारवंत फूकोने १९७५ मध्ये तुरुंगावर लिहिताना तो पुन्हा चर्चेत आणला, म्हणून आपल्याला तो तुरुंगाचा वाटतो. हे वाचून मी फ्लोअरवर गेले होते. पण मनोऱ्यात बसलेला माणूस तिथे मला कुणी दिसला नाही. पट्टी लाल झाली की विचारायला येणारा माणूस तेवढा दिसला.

त्या दुपारी मी ताईंच्या शेजारी होते. ताई त्या टीममधल्या सगळ्यात जुन्या. त्यांच्या पलीकडे एक नवी मुलगी होती, फ्लोअरवरचा तिचा दुसराच आठवडा. तिला आलेला फोन एका गृहस्थांचा होता, पत्नीच्या मृत्यूनंतरच्या दाव्यासाठी. मृत्यूची तारीख भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नव्हता आणि भरलेली तारीख तो घेत नव्हता. मुलीने दोनदा विचारलं होतं. तिसऱ्यांदा विचारायला तिने तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. तिचा डावा हात माउसवर तसाच होता, उजव्या हाताने तिने टेबलाची कड धरली होती. बोटांची पेरं पांढरी पडलेली. पलीकडून "हॅलो, हॅलो" चाललेलं मलाही ऐकू येत होतं.

ताईंनी स्वतःची अवस्था 'आफ्टर कॉल'वर टाकली, खुर्ची सरकवली, मुलीच्या कानावरचा हेडसेट हलकेच काढून आपल्या कानाला लावला आणि तिला बाथरूमच्या दिशेने खूण केली. मुलगी गेली. ताई मुलीच्या स्क्रीनसमोर बसून म्हणाल्या, "मी ऐकतेय. तुम्ही सावकाश सांगा." त्यांनी तारीख पुन्हा विचारली नाही. आधीच्या अर्जातून शोधून घेतली आणि फॉर्म ज्या क्रमाने मागतो त्याच्या उलट्या क्रमाने भरला, कारण तसा भरला की तो अडत नाही हे त्यांना माहीत होतं. ते गृहस्थ शेवटी बराच वेळ नुसते रडत होते. ताईंनी फोन ठेवला नाही.

मी वहीत लिहिलं: ३:१२ ते ३:२३. शेजारी खुर्चीचा नंबर.

व्यवस्थेने काय नोंदवलं ते बघा. मुलीच्या खात्यावर अकरा मिनिटांचा एक कॉल, आणि नंतरच्या मेसेजमध्ये ग्राहकाने दिलेले पाचपैकी पाच गुण. ताईंच्या खात्यावर अकरा मिनिटं लाल पट्टी. त्या वेळात त्यांनी काहीच केलं नाही, अशी.

शिफ्ट संपताना टीम लीडर आला. तो वाईट माणूस नाही, हे मी मनापासून सांगते. मला त्याच्याशी बोलायला आवडायचं. "ताई, अकरा मिनिटं? कारण काय टाकू?" त्याच्या स्क्रीनवर कारणांची यादी उघडली होती: तांत्रिक अडचण, प्रशिक्षण, प्रसाधनगृह, इतर. माझ्या कामाचा खरा गाभा मला याच यादीत सापडला होता. लाल पट्टी सगळ्यांचीच होते. त्याच्या जवळच्या रांगेतल्या मुलांची झाली की तो न विचारताच 'तांत्रिक अडचण' टाकतो, हे मी कित्येकदा लिहून घेतलं होतं. मागच्या रांगांतल्या बायकांना मात्र बाथरूमला गेल्याचंही सांगावं लागायचं, तेही सगळ्यांसमोर. मोजमाप सगळ्यांचं सारखंच होतं, पण कारण कोणाचं लिहायचं हे एकाच्या हातात होतं.

ताई म्हणाल्या, "काही नाही. बसले होते."

मग तो माझ्याकडे वळला. "मॅडम, तुम्ही शेजारीच होतात ना? तुमच्या वहीत असेल."

होतं. मिनिटानिशी होतं. आणि मी बोलणार होते, हे मला मान्य केलं पाहिजे. खरं सांगितलं की ताईंवरचा ठपका जाईल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. ताईंनी मान किंचित हलवली आणि मुलीच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं. दुसऱ्याच्या लॉगिनवर काम करणं हा तिथला सगळ्यात मोठा गुन्हा. लोकांची खासगी माहिती असते, त्यामुळे त्याला ताकीद वगैरे नसते, थेट घरी. माझ्या खऱ्या नोंदीने ताईंचा आळस पुसला गेला असता आणि दोघींची नोकरी गेली असती.

"वहीतलं मी कुणालाच दाखवू शकत नाही. संमतीपत्रात लिहिलंय, त्याची प्रत तुमच्याकडेही आहे."

"ताईंच्या बाजूचं असलं तरी?"

"तरीही."

त्याने 'इतर' निवडलं. ताईंना लेखी ताकीद मिळाली आणि त्या महिन्याचा इन्सेंटिव्ह गेला.

रात्री मी मार्गदर्शक मॅडमना फोन केला. त्यांनी मला मारिओ ब्रायुहाची आठवण करून दिली. अमेरिकेतला समाजशास्त्राचाच विद्यार्थी, वेटर म्हणून काम करत एका रेस्टॉरंटचा अभ्यास करत होता. १९८३ मध्ये ते जळालं आणि सरकारी वकिलांनी त्याची टिपणं मागितली. दुसरा तिथलाच, समाजशास्त्राचाच विद्यार्थी, रिक स्कार्स. आपल्या संशोधनातल्या माणसांबद्दल ग्रँड ज्युरीसमोर, म्हणजे खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळासमोर, बोलायला त्याने नकार दिला आणि १९९३ मध्ये १५९ दिवस तुरुंगात काढले. माझ्यासमोर ना कोर्ट होतं ना समन्स. एका ओळखीच्या माणसाने सौजन्याने एक प्रश्न विचारला होता, आणि मी जवळजवळ उत्तर दिलं होतं. सत्तेचा अभ्यास करणारीने ती एवढ्या साध्या आवाजात ओळखायला शिकलं पाहिजे, असं मला त्या रात्री फार वाटलं.

मॅडमचा पुढचा प्रश्न जास्त टोचला: "वेळा लिहिल्या आहेस?" मी नावांऐवजी सांकेतिक अक्षरं वापरत होते आणि त्यावर निर्धास्त होते. पण ज्या संस्थेकडे प्रत्येक सेकंदाची स्वतःची नोंद आहे, तिथे ३:१२ हेच नाव झालं. प्रबंध छापल्यावर तिथल्या कुणीही तो आकडा त्यांच्या नोंदीशी जुळवला असता की पाच मिनिटांत ताई सापडल्या असत्या. शिस्त म्हणून अभिमानाने लिहिलेल्या अचूक वेळा मी रात्रभर बसून एकेक करून काढल्या. 'दुपारी', 'शिफ्टच्या उत्तरार्धात' असं करत गेले. खुर्च्यांचे नंबर तर आधी काढले.

ते करताना समाजशास्त्रज्ञ डोनाल्ड रॉय सारखा मनात येत होता. १९४४-४५ मध्ये तो एका यंत्रशाळेत ड्रिलवर काम करत होता आणि कामगार मुद्दाम किती वेळ घालवतात याचा हिशेब ठेवत होता. तो हिशेब त्याच्या स्वतःच्या वेळेचा होता. मी दुसऱ्यांची मिनिटं मोजत होते.

शुक्रवारी मोठ्या बोर्डवर आठवड्यातला सर्वोत्तम कॉल म्हणून त्या मुलीचं नाव लागलं. टाळ्या झाल्या, ताईंनीही वाजवल्या. मुलीने मान वर केली नाही.

नंतर ब्रेकमध्ये जिन्यात ताई माझ्याजवळ येऊन बसल्या. "काय लिहिलंयस गं त्या दिवसाचं? वाच बघू." तोवर त्या मला मॅडमच म्हणायच्या. मी वाचून दाखवलं. त्यांनी पूर्ण ऐकलं.

"अकरा नाही, नऊ," त्या म्हणाल्या. "शेवटची दोन मिनिटं मी माझ्या जागेवर येऊन खरंच नुसती बसले होते. हात कापत होते. पुढचा फोन घ्यावासाच वाटेना. त्याला खोटं नाही सांगितलं मी. ती दोन मिनिटं पण लिही."

मी वही मांडीवर घेऊन तिथेच लिहायला लागले. त्या वाकून बघत होत्या, मी 'अस्वस्थ' लिहिलं ते त्यांनी खोडायला लावलं आणि 'दमलेली' लिहायला सांगितलं. मग त्यांनी मोबाईलमध्ये वेळ पाहिली. ब्रेक संपायला मिनिटभर होतं. कठड्याला धरून त्या उठल्या आणि भराभर जिना चढून गेल्या.