आमची वाटचाल: मशीन उभं केलं ती जागा

आमच्या बोर्डावर ‘पर्यावरण व औद्योगिक आरोग्य तपासणी’ असं लिहिलंय. त्यातलं ‘औद्योगिक आरोग्य’ नंतर रंगवलेलं आहे. नीट बघितलं तर निळा रंग जुळलेला नाही हे कळतं. 2011 मध्ये शिवाजी उद्यमनगरात एका लेथवाल्याच्या माळ्यावर आम्ही सुरुवात केली, तेव्हा काम साधं होतं. चिमणीचा धूर, सांडपाणी, कंपनीच्या आवारातली हवा यांचे नमुने घ्यायचे, तपासायचे, रिपोर्ट द्यायचे. मी शिवाजी विद्यापीठाचा रसायनशास्त्राचा एम.एस्सी. बायकोही त्याच विभागातली, दोन वर्षं मागची आणि मार्कांनी बरीच पुढची. त्यामुळे वजनकाटा तिच्याकडे आणि मोटारसायकल माझ्याकडे, अशी वाटणी झाली. ती आजही तशीच आहे, फक्त मोटारसायकलच्या जागी जुनी ओम्नी आली.

कोल्हापूरला ओतकाम नवीन नाही. ऑइल इंजिनांच्या जमान्यापासून इथं लोखंड ओतलं जातं. आज शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले या पट्ट्यात फिरलं तर गाड्यांचे, पंपांचे, व्हॉल्व्हचे भाग ओतणाऱ्या फाउंड्र्या रांगेनं दिसतात. वाळूचा साचा करायचा, त्यात रस ओतायचा, गार झाला की साचा फोडायचा (याला नॉकआउट म्हणतात) आणि मग ग्राइंडर घेऊन कास्टिंगला चिकटलेली वाळू आणि कडा साफ करायच्या, म्हणजे फेटलिंग. वाळू म्हणजे बहुतेक सगळी सिलिका. ही साखळी आम्हाला तोंडपाठ होती. चिमणीवर चढायला जाताना रोज त्याच शेडमधून जात होतो ना! पण शेडमधली हवा हा आपला विषय आहे असं कधी वाटलं नाही.

एक दिवस एका ओळखीच्या फाउंड्रीतून फोन आला. परदेशी गिऱ्हाइकाचा ऑडिटर येऊन गेला होता आणि फेटलिंगच्या कामगारांच्या श्वासात किती सिलिका जाते याचा रिपोर्ट त्यानं मागितला होता. “करता ना तुम्ही?” म्हटलं, करतो. नवीन धंद्यात नाही म्हणायला जीभ वळत नाही.

आवारातली हवा मोजायचं मशीन आमच्याकडे होतंच. ते नेलं, फेटलिंगच्या शेडमध्ये मधोमध मोकळी जागा बघून उभं केलं आणि आठ तास चालवलं. आकडा मर्यादेत आला. छान बाइंडिंग करून रिपोर्ट दिला. दुसऱ्यांदा गेलो ते बिलाचा चेक आणायला. तिथं साठीकडे झुकलेले एक फेटलर होते, सगळे त्यांना मामा म्हणत. ते म्हणाले, “सायेब, तुमी मशीन हुबं केलं न्हवं, तितं आमी जेवाय बसतो.”

मी शेडकडे परत बघितलं. खरंच होतं. सगळ्या शेडमध्ये त्यातल्या त्यात धूळ कमी असलेली जागा त्यांनी जेवायला निवडली होती, आणि तीच मी मशीनसाठी. दोघांची कारणं मात्र वेगळी. त्यांना भाकरीवर धूळ नको होती, मला वायर प्लगपर्यंत पोचायला हवी होती.

महिन्याभरानं हवा ओढणारा उसना पंप घेऊन पुन्हा गेलो, या वेळी स्वतःच्या खर्चानं, आणि तो मामांच्या अंगावर लावला. हा पंप कमरेच्या पट्ट्याला लावतात. त्याची नळी पाठीवरून खांद्यावर आणतात, आणि कॉलरजवळ, नाकापासून फुटाभराच्या आत, एक छोटं सायक्लोन आणि त्यावर फिल्टरची डबी. सायक्लोन हवेला गरगर फिरवतं, जाड धूळ खाली टाकतं आणि फुप्फुसाच्या तळापर्यंत जाऊ शकेल एवढीच बारीक धूळ फिल्टरवर जाऊ देतं. बारीक म्हणजे साधारण चार मायक्रॉनच्या आसपास आणि त्याहून लहान. माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. अंगावर दिसते, डोळ्यांत जाते, थुंकीतून काळी पडते ती धूळ वेगळी. जी आत राहते ती डोळ्याला दिसतच नाही.

हिशेब असा झाला. मिनिटाला 1.7 लिटर हवा, 420 मिनिटं, म्हणजे 714 लिटर. फिल्टरचं वजन वाढलं 0.86 मिलिग्रॅम. भागाकार केला की घनमीटरला 1.2 मिलिग्रॅम. त्या धुळीत क्वार्ट्झ, म्हणजे स्फटिकरूपातली सिलिका, निघालं 20 टक्के. कारखाने अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत श्वसनीय धुळीसाठी सूत्र दिलेलं होतं: 10 भागिले (क्वार्ट्झची टक्केवारी अधिक 2). म्हणजे 10 भागिले 22, साधारण 0.45. मामांच्या नाकाशी मर्यादेच्या अडीचपटीहून जास्त धूळ होती. मधोमध ठेवलेल्या माझ्या मशीननं दाखवलं होतं 0.3. वर मर्यादा आठ तासांची, आणि तिथली पाळी बारा तासांची. बारा तास काम करणाऱ्याच्या फुप्फुसाला धूळ जास्त वेळ मिळते आणि ती बाहेर टाकायला वेळ कमी. त्यासाठी मर्यादा खाली आणायची एक रीत आहे, ब्रीफ आणि स्काला यांची. तिच्या हिशेबानं बारा तासांना मर्यादा निम्मी होते. म्हणजे जेवायची जागासुद्धा नापास.

मालकांकडे गेलो आणि सांगितलं, आधीचा रिपोर्ट चुकीचा आहे, मी तो मागे घेतोय. ते शांतपणे म्हणाले, “रिपोर्ट आला, ऑडिटरला पोचला, तुमचे पैसे पोचले. आता काय राहिलं?” ते गिऱ्हाईक गेलं. त्यांच्या दोन पाहुण्यांच्या कंपन्याही गेल्या. बोर्डावर निळा रंग वाढवला तो त्यानंतर, आणि त्या वर्षी घरात एवढं तंगीचं वातावरण होतं की पेंटरसुद्धा उधारीवर आणला.

मग शिकायला लागलो. मुंबईला सायनच्या केंद्रीय श्रम संस्थेत प्रशिक्षण घेतलं, सेकंडहँड चार पंप घेतले. क्वार्ट्झची टक्केवारी काढायला एक्स-रे डिफ्रॅक्शनसारखं, स्फटिक ओळखणारं यंत्र लागतं. ते आमच्या आवाक्यात कधीच नव्हतं, त्यामुळे फिल्टर बाहेरगावच्या लॅबला जातात. ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि रस्ता बंद झाला, तेव्हा एक अख्खी बॅच कपाटात अडकून पडली होती. बायको रोज कपाट उघडून डब्या मोजायची.

वजनाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. फिल्टरवर जमते ती धूळ मिलिग्रॅमच्या हिशेबात, कधी त्याच्या दहाव्या भागात. काटा मिलिग्रॅमचा हजारावा भाग वाचतो. कोल्हापूरच्या जुलैत पापडसुद्धा मऊ पडतो, मग हवेतल्या ओलाव्यानं काट्याचा आकडा का हलणार नाही? म्हणून ठरावीक तापमान आणि आर्द्रतेच्या खोलीत फिल्टर रात्रभर ठेवायचे, चिमट्यानं उचलायचे, अंगावरची स्थिर वीज काढायची, आणि प्रत्येक बॅचसोबत हवा न ओढलेले दोन-तीन कोरे फिल्टर न्यायचे-आणायचे. कोऱ्याचं वजन वाढलं तर गडबड आपल्याकडे आहे. त्या खोलीत मला प्रवेश नाही. एकदा शिंकलो होतो.

पंपाच्या एकेक कथा आहेत. कॉलरची डबी माईकसारखी दिसते, म्हणून पहिले सहा महिने लोकांना वाटायचं मालक बोलणं रेकॉर्ड करतोय. एका पठ्ठ्यानं पंप जड होतो म्हणून जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घालून खुंटीला टांगला. त्याचा रिपोर्ट बघून हिमालयातली हवा म्हटली असती. दुसऱ्यानं आम्हाला चांगलं रीडिंग मिळावं म्हणून डबी ग्राइंडरच्या ठिणग्यांसमोर धरली. आणि पाळी संपताना कपडे झटकायला सगळे कॉम्प्रेसरची हवा अंगावर मारतात, डबीसकट. त्या दोन मिनिटांत दिवसभराएवढी धूळ फिल्टरवर येते. आधी आम्ही असे फिल्टर फेकून द्यायचो. नंतर ट्यूब पेटली की ही धूळ त्याच्या नाकातही चाललीय, मग फेकायचं कशाला? रिपोर्टात लिहायला लागलो. म्हणून आता पंप लावला की आमचा माणूस दिवसभर तिथंच थांबतो आणि वहीत लिहितो: कुठं उभा होता, किती वेळ, पंखा कुठून, जॉब (म्हणजे हातातलं कास्टिंग) कुठला. रिपोर्टाचा जीव त्या वहीत असतो. एक दिवसाच्या एका आकड्यावर मी कुणाला पास करत नाही. युरोपचं ईएन 689 हे मानक सांगतं की तीनच नमुने असतील तर तिन्ही मर्यादेच्या दहाव्या भागाखाली हवेत, तरच निश्चिंत व्हा. आमच्याकडे मर्यादेच्या नव्वद टक्क्यांवर आकडा आला की लोक पेढे आणतात.

पंखा म्हटलं, त्यावर थांबायला हवं. उकाड्यामुळे प्रत्येक फेटलरच्या पाठीमागं मोठा पेडेस्टल पंखा असतो. बरं वाटतं, पण वारा पाठीवर आदळून दोन्ही बाजूंनी पुढं जातो आणि छातीसमोर भोवरा तयार होतो. त्या भोवऱ्यात धूळ वर चढते, थेट तोंडाशी. हे सांगून कुणाला पटत नाही. म्हणून माझ्या बॅगेत उदबत्तीचा पुडा असतो. ग्राइंडर बंद करायचा, पंखा चालू ठेवायचा, पेटलेली उदबत्ती जॉबजवळ धरायची. धूर सरळ हनुवटीकडे येतो. मग पंखा बाजूला, काटकोनात वळवायचा. धूर आडवा निघून जातो. एवढं बघितल्यावर लोक स्वतःच पंखे सरकवायला लागतात. दुसरी गोष्ट कवडशाची. पत्र्याच्या भोकातून उन्हाची तिरीप येते तेव्हा तिच्यात धूळ नाचताना दिसते. तेच तीव्र झोताच्या बॅटरीनं संध्याकाळी करता येतं: झोत धुळीतून जाऊ द्यायचा आणि समोरच्या बाजूनं, दिवा आडोशाला ठेवून बघायचं. माझ्या तीस पानी रिपोर्टानं न हललेला एक मालक तो झोत बघून पाच मिनिटं गप्प उभा होता.

पैसे कुठं घालावेत यावर माझं मत पक्कं आहे. छताला मोठे एक्झॉस्ट बसवून धूळ आधी माणसाच्या नाकावरून आणि मग बाहेर न्यायची, हा खर्च वाया. ओढणारं तोंड जॉबजवळ हवं. पाइपच्या तोंडापासून त्याच्याच व्यासाएवढं लांब गेलं तरी ओढ दहा टक्क्यांवर येते. आठ इंची पाइप दोन फुटांवर टांगला तर तो शोभेचा. कास्टिंग आधी शॉट ब्लास्टिंगच्या (बारीक छर्‍यांच्या माऱ्यानं साफ करायच्या) बंद चेंबरमधून काढून मग फेटलिंगला दिलं तरी वाळू बरीच कमी होते, आणि त्याला फक्त कामाचा क्रम बदलावा लागतो.

मास्क सगळ्यात शेवटी. 2020 नंतर एन-95 हा शब्द घराघरात पोचला, पण दोन पट्ट्यांपैकी एकच लावायची सवयही पोचली. पाव मास्क गालाला टेकलेलाच नसतो. आणि आमच्याकडे मिशा! पीळ दिलेली मिशी मास्कच्या कडेतून बाहेर डोकावत असेल तर हवा तिथूनच आत येते. एका मुकादमाला हे सांगितलं तर म्हणाला, “नोकरी बदलीन, मिशी न्हाई.” त्याला मोटर लावलेला, डोकंभर हूड असलेला मास्क दिला, तो दाढीमिशीवर चालतो.

गुळाबद्दलही सांगावं लागतं. धुळीच्या कामाला गुळाचा खडा द्यायची पद्धत आहे, आणि कोल्हापुरात गुळाविरुद्ध बोलणं म्हणजे आईविरुद्ध बोलणं. खावा की. घसा बरा राहतो. पण सिलिकाचा कण फुप्फुसात गेला की तिथल्या पेशी त्याला गिळायला जातात आणि स्वतःच मरतात, त्या जागी व्रणासारखी गाठ होते. ती गाठ गुळानं विरघळत नाही आणि औषधानंही नाही. सिलिकोसिस बरा होत नाही. धुळीचं काम सोडल्यावरही तो वाढू शकतो. त्यात सिलिकामुळे टीबीचा धोकाही वाढतो, आणि एक्स-रेवर दोन्हींची गल्लत होते. खोकणाऱ्या माणसाला डॉक्टरनं ‘काम काय करता’ हे विचारलंच नाही तर त्याचं नुसतंच टीबीचं कार्ड निघतं.

इतर कामंही येतात. ओतकामाच्या लाइनवर कार्बन मोनॉक्साइड मोजतो. वाळूतली कोळशाची भुकटी साच्यात जळते आणि तो वायू निघतो. वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटीनं घट्ट धरतो. डोकं दुखतं ते ‘भट्टीची धग’ म्हणून सोडून देतात. थंडीत शेडचे पडदे खाली सोडले की आकडा चढतो. इचलकरंजीकडच्या सूतगिरण्यांत कापसाची धूळ, तिथं सुट्टीनंतरच्या पहिल्याच दिवशी छाती आवळून येते, ही बिसिनोसिस या फुप्फुसाच्या आजाराची खूण.

आज आम्ही सात जण आहोत, पंप सोळा आहेत. पहिल्या फाउंड्रीनं पाच वर्षांनी पुन्हा बोलावलं. मालकांचा मुलगा बसतो आता, आणि धूळ ओढणारी टेबलं त्यानंच बसवली. मामा निवृत्त झाले होते. त्यांची छाती तपासली होती का, हे विचारायचं मी त्या दिवशी विसरलो. नंतर विचारलं तर कुणाला माहीत नव्हतं.

सध्या डोक्यात एकच विषय आहे. मोठ्या कंपन्यांच्या शेड स्वच्छ होतायत, कारण ऑडिट होतं. पण फेटलिंग बाहेर, जॉबवर्कला जायला लागलंय. दहा बाय वीसचा गाळा, तीन ग्राइंडर, एक शटर, आणि ते आवाजाच्या तक्रारी नकोत म्हणून अर्धं ओढलेलं. तिथं ऑडिटर येत नाही आणि पंपाचं भाडं त्यांना परवडत नाही. सुट्टीच्या आदल्या दिवशी फुकट मोजून देतो म्हणून मी आठ-दहा गाळ्यांत फिरलो. तिघं तयार झाले. तिसऱ्यानं अट घातली: ज्या दिवशी वाळू जास्त चिकटलेले मोठे जॉब नसतील, त्या दिवशी या.

त्याला अजून मी तारीख दिलेली नाही.